कोलशेतचं भगदाड आणि इंग्रजीतला ‘बाय’

दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहून द्या, असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा आमच्या घरात हसू फुटलं. थोरली सून म्हणाली, "मामंजी, तुम्ही तीस वर्षं एका कागदावरचं दुसऱ्या कागदावर उतरवलंत. त्यात अनुभव कसला?"

तिचं अगदीच चूक नाही. मी ठाण्याला एका सरकारी कचेरीत तर्जुमा कारकून होतो. कचेरी कुठली ते सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातली चूक माझी एकट्याची आहे.

काम असं असे. रयतेचे अर्ज मोडीत लिहून येत. ते इंग्रजीत करून साहेबापुढे ठेवायचे. साहेब त्यावर इंग्रजीत हुकूम लिही. तो मराठीत करायचा, मोडीत उतरवायचा, शिक्का झाला की चपराशी तो घेऊन गावाला जाई. म्हणजे साहेब आणि कोलशेतचा शेतकरी एकमेकांशी बोलत तेव्हा मध्ये मी असे, आणि दोघांनाही मी दिसत नसे. चांगल्या तर्जुमा कारकुनाची खूण हीच, की तो आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मी आहे हे एकदा मात्र अख्ख्या गावाच्या ध्यानात आलं.

लोकांना वाटतं की या कामात मोठमोठे शब्द छळत असतील. मुळीच नाही. मोठ्या शब्दांसाठी कपाटात जाडजूड कोश असतो. छळतात ते एवढे एवढेसे शब्द. आपण मराठीत नावाच्या शेपटीला काहीतरी चिकटवतो. घराने, घराला, घराजवळ, घरापर्यंत. इंग्रज तसं करत नाही. तो नावाच्या पुढे एक सुटा शब्द उभा करतो, आणि त्या एकाच शब्दाला दहा घरची कामं सांगतो. त्यातला सगळ्यात बिलंदर म्हणजे ‘बाय’.

कल्याणच्या शाळेत मास्तरांनी आम्हांला सांगितलं होतं, "बाय म्हणजे ने. पाठ करा." आम्ही पाठ केलं. नोकरीला लागल्यावर पाहतो तर मास्तरांचा नियम सोन्यासारखा चालत होता. बाय कास्ट, जातीने. बाय ट्रेन, आगगाडीने. बाय नेम, नावाने. बाय फोर्स, जबरदस्तीने. फळवाला आंबे बाय द हंड्रेड विकतो, तर शेकड्याने विकतो. सहा महिने मी हा नियम वापरला आणि इंग्रज लोक कारण नसताना भाषा अवघड म्हणून मिरवतात असं माझं मत झालं.

पहिला धक्का एका साक्षीदाराच्या जबानीत बसला. मारामारी झाली तेव्हा हा गृहस्थ ‘बाय द वेल’ उभा होता. मी लिहिलं, ‘साक्षीदार विहिरीने उभा होता.’

आमचे शिरस्तेदार आबासाहेब म्हणजे कचेरीतले सगळ्यात ज्येष्ठ. प्रत्येक तर्जुमा त्यांच्या नजरेखालून जाई. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला आणि मला बोलावलं.

"हा विहिरीने उभा होता?"

"हो."

"आणि विहीर कशाने उभी होती?"

सगळे कारकून बोरू खाली ठेवून हसले. आबासाहेबांनी ‘विहिरीने’ खोडून ‘विहिरीपाशी’ केलं आणि म्हणाले, "अरे, बायच्या मागे काय येतंय ते बघ. माणूस आला तर कडून, जागा आली तर जवळ, दिवस आला तर आत." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर हसण्याच्या आवाजात मला माणूस आणि जागा एवढंच नीट ऐकू आलं, दिवसाचं अर्धवट कानावर पडलं, आणि पुन्हा विचारायची लाज वाटली.

त्या वर्षी भाद्रपदात पाऊस थांबता थांबेना. कोलशेतच्या खाडीला लागून खार जमीन आहे. खार म्हणजे खाडीचं खारं पाणी मातीच्या बांधाने अडवून आतल्या बाजूला केलेली भातशेती. बांध आहे तोवर भात आहे. एकदा का उधाणाचं पाणी आत घुसलं, की ते पीक गेलंच, पण पुढची दोन-तीन वर्षंही जमीन मिठाने जळून पडते. तर त्या बांधाला दोन ठिकाणी भगदाड पडलं. ताडांच्या रांगेजवळ एक लहान, ते गावाने लगेच आपणच बुजवलं, आणि झोपड्यांच्या वस्तीजवळ एक मोठं.

आमच्या हाताखालच्या साहेबाने, चुकलो, ज्याच्या हाताखाली आम्ही होतो त्या साहेबाने घोड्यावरून जाऊन पाहणी केली आणि हुकूम लिहिला. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा, काटक, आणि शब्द फार जपून वापरणारा. त्याचं वाक्य मला अजून पाठ आहे. ‘द ब्रीच बाय द हट्स टु बी क्लोज्ड बाय द न्यू मून.’ एका ओळीत दोन बाय.

आबासाहेब पितृपक्षात वडिलांच्या तिथीसाठी गावी गेले होते. जाताना म्हणाले, "चार दिवस तू सांभाळ. अडलं तर थांब, मी आल्यावर बघू." पण हुकमावर साहेबाने ‘तातडीचे’ म्हणून रेघ मारलेली. मी बसलो विचार करत. झोपड्यांजवळ बुजवायचं, की झोपड्यांनी बुजवायचं? बुजवायचं म्हणजे काम, आणि काम म्हटलं की कुणीतरी करणारा हवा. ‘गावाने ठरवलं’ म्हणतो तेव्हा गाव म्हणजे गावकरी. तशा झोपड्या म्हणजे झोपड्यांतले लोक. मला माझी ही अक्कल फार आवडली. राहिला न्यू मून. अमावास्या. तिला आबासाहेबांनी काहीतरी सांगितलं होतं खरं. काय ते आठवेना. मी लिहिलं:

‘भगदाड झोपड्यांनी अमावास्येला बंद करावे. कसूर होऊ नये.’

शिक्का झाला, चपराशी गेला, आणि मी निवांत मनाने पान खाल्लं.

तीन दिवसांनी, अमावास्येच्या आदल्या सकाळी, कचेरीच्या दारात एक बाई उभी राहिली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायांना पोटरीपर्यंत चिखल, गळ्यात क्रूस. हातात आमचा हुकूम. चपराशी तिला अडवत होता आणि ती त्याच्या खांद्यावरून आत ओरडत होती.

"ह्यो कागूद कोनी लिवला?"

सगळ्या कारकुनांनी माझ्याकडे पाहिलं. बोट कुणी दाखवलं नाही, तेवढा चांगुलपणा.

मी बाहेर गेलो. तिचं नाव रेजीनबाय. कोलशेतच्या त्या वस्तीतली. नवऱ्याचं नाव इनास. थोडी खार कसायची, ओहोटीला मासे धरायचे, असं घर.

"तुमी लिवला?" तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग मना सांगा, भगदाडात माजाच घर का? पाटलाचा वाडा हाय, तो का नाय?"

"घर? घर भगदाडात घालायला कोणी सांगितलं?"

"ह्या कागदानं! चपराशानं वाचला. झोपड्यांनी भगदाड बंद करा. मातीनं नाय, दगडानं नाय, झोपड्यांनी. बाकीचे हसले. म्हनले, सरकार याडा झाला. पन माजा घोव!" तिने कपाळावर हात मारला. "तो म्हनला, साहेबानं आगगाडी केली, साहेबाला ठावं असंल. नि काल सकाली कुदल घेतली नि घर मोडला."

मी कागद घेतला आणि माझीच ओळ वाचली. खरंच, त्यात एवढंच लिहिलं होतं. दगडाने बुजवा, मातीने बुजवा, झोपड्यांनी बुजवा. आपला ‘ने’ काही कमी बिलंदर नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

"चूक झाली," मी म्हणालो. "ते इंग्रजीत बाय होतं, त्यामुळे..."

"कोन बाय?"

"नाही, तसं नाही. बायमुळे घोळ झाला."

"बायमुले?" तिचा आवाज चढला. आमच्या या भागात लेकीला, बहिणीला, कुठल्याही बाईमाणसाला बाय म्हणतात, हे मी त्या क्षणी साफ विसरलो होतो. "घोल तुमी घालाचा नि नाव बायचा? कंची बाय? बोलवा तिला! माज्या म्होरं उबी करा!"

आत कुणीतरी एवढ्या जोरात हसलं की दौत सांडल्याचा आवाज आला. मी हात जोडले. म्हटलं, "बाई, कुठलीही बाय नाही. मीच. माझ्या एकट्याची चूक."

ती शांत झाली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "नि अमावास्येला बांध घालाचा, ही पन तुमचीच?"

"म्हणजे?"

"अमावास्येला खाडीला सगल्यात मोटा उधान. पानी भगदाडातून गावात येनार. त्या दिशी बांध कोन घालतो? माशे?"

आबासाहेबांचं ते अर्धवट ऐकलेलं दिवसाचं वाक्य आता मला आठवलं. दिवस आला तर आत. अमावास्येच्या आत. साहेबाने उधाणाआधी काम उरकायला सांगितलं होतं, आणि माझा कागद वाचून सगळा गाव हात बांधून अमावास्येची वाट पाहत बसला होता. अमावास्या उद्या होती.

साहेब कल्याणच्या बाजूला पाहणीला गेलेला. आबासाहेब गावी. मी चपराशाच्या हाती साहेबासाठी चिठ्ठी दिली, की कोलशेतचं काम निकडीचं आहे, आपण यावं. चूक माझी, हे वाक्य मात्र चिठ्ठीत लिहिलं नाही. ते लिहायला इंग्रजी सुचेना, असं मी स्वतःला सांगितलं. शेजारच्या खाणावळीतून दशम्या बांधून घेतल्या आणि रेजीनबायच्या मागोमाग कोलशेतची वाट धरली. ती चालत नव्हती, पळत होती. मी धोतर सावरत, वहाणा हातात घेऊन चिखलातून तिच्या मागे.

वस्तीवर पोचलो तेव्हा पाच झोपड्या उभ्या आणि सहाव्या झोपडीच्या जागी नुसता ओटा. मेढी म्हणजे घराचे लाकडी खांब, ते एका बाजूला, कारवीच्या कुडाच्या भिंती दुसऱ्या बाजूला, ताडाची झापं तिसऱ्या बाजूला, सगळं नीट रचून ठेवलेलं. मधोमध चूल आणि भिंतीवाचून उरलेला एक आरसा पेटाऱ्याला टेकवलेला. इनास त्या ओट्यावर बसून जाळं विणत होता. शांत, हाडकुळा माणूस. मला पाहून उठला.

मी सगळ्यांना बांधावर बोलावलं आणि बरोबर तर्जुमा वाचून दाखवला. ‘झोपड्यांजवळचे भगदाड अमावास्येच्या आत बंद करावे.’ मग मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी आज." आणि सगळे टोपल्या आणायला धावले.

इनास तिथेच उभा होता. मी म्हणालो, "इनास, तुझं घर मोडायची काही गरज नव्हती."

तो ओट्याकडे बघून म्हणाला, "आता मोडला तं मोडला." मग म्हणाला, "मना पन वाटला व्हता, कायतरी चुकलाय. पन कागूद व्हता ना."

हे वाक्य मला त्या दिवशी लागलं, अजून लागतं. त्याने माझ्या अक्षरावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास टाकला होता.

संध्याकाळच्या ओहोटीला काम सुरू झालं. बायका-माणसं एका रांगेत, चिखलाच्या टोपल्या हातोहात. मीही रांगेत उभा राहिलो. माझ्या अलीकडे रेजीनबाय, पलीकडे तो म्हातारा. माझ्याकडे टोपली आली की रांग तुंबायची. अंधार पडेपर्यंत कमरेएवढी भिंत झाली. सकाळी पाहतो तर निम्मी पाण्याने वाहून नेलेली. पावसाचा चिखल, धरून राहायला त्यात काही नव्हतं.

पुन्हा ओहोटी होती, पण हाती वेळ थोडा. दुपारी बारापर्यंत उधाण येणार. टोपल्या पडत होत्या आणि माती घसरत होती. आत बांधापासून गावापर्यंत निसवलेलं भात उभं होतं, नुकतं कुठे लोंब्यांना वजन यायला लागलेलं.

इनास रांगेतून बाहेर पडला. ओट्यावर गेला, दोन मेढी खांद्यावर घेऊन आला आणि भगदाडात उभ्या ठोकायला लागला. रेजीनबायने टोपली खाली टाकली. मला वाटलं, आता ही त्याच्या अंगावर जाणार. ती गेली ती कुडाच्या भिंती आणायला. आठही मेढी गेल्या, त्यांना कूड आडवे बांधले, वर झापं दाबली आणि त्यावर माती पडायला लागली. या वेळी माती घसरली नाही.

पाणी आलं. आधी चिखलावर चमक आली, मग बांधाच्या पायथ्याशी फेस, मग बघता बघता ते वर चढू लागलं. शंभरेक माणसं बांधावर उभी. पाणी बांधाच्या काठाखाली वीतभर राहिलं आणि तिथे थांबलं. बराच वेळ थांबलं. मग म्हाताऱ्याने काठीने खूण करून ठेवली होती तिच्यापासून ते बोटभर खाली गेलं, आणि बायकांनी आरोळी ठोकली.

नेमका तेव्हा साहेब पोचला. घोडा गावात ठेवून चालत बांधावर आला. सगळं नीट पाहिलं, मातीतून डोकावणाऱ्या मेढीला हात लावून पाहिला, आणि मला इंग्रजीत म्हणाला, "हे घराचं लाकूड आहे. या माणसाने घर का मोडलं, विचार."

मी विचारलं. इनासने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं. तो सावकाश म्हणाला, "सांग त्याला, पानी येत व्हता म्हून घातला."

मी तसाच तर्जुमा केला. शब्दाला शब्द. साहेबाने टोपी काढली. वही काढून काहीतरी लिहू लागला.

"काय लिवतो?" रेजीनबायने मला विचारलं.

"इनासची तारीफ. वर कळवणार आहे."

"नि घराचा?"

"घराचं काही म्हणाला नाही."

ती पुढे आली. "मंग मी सांगते तसा सांग. घर पान्यानं नाय मोडला. ह्याच्या कागदानं मोडला."

"गप गो," इनास म्हणाला.

"का गप? सांग त्याला."

साहेब वहीवरून मान वर करून पाहत होता. बाई काय म्हणते, ते त्याला हवं होतं. मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. मी तिथे काहीही सांगू शकलो असतो. मध्ये मी एकटाच होतो. पण कालपासून त्या रांगेत उभा राहून माझ्या हातांना तिच्या टोपल्यांची सवय झाली होती. मी सांगितलं, "ती म्हणते, घर पाण्याने मोडलं नाही. बाय माय पेपर." आणि मग सगळंच सांगून टाकलं. विहीर, आबासाहेब, झोपड्या, अमावास्या.

साहेबाने मूळ हुकूम मागितला. तो माझ्या बंडीच्या खिशातच होता. त्याने स्वतःचं वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचे कान लाल झाले.

"मी बरोबर लिहिलं होतं," तो म्हणाला. मग हुकूम मला परत देत, "पण चांगलं लिहिलं नव्हतं."

त्याने शिसपेन्सिल खिशात ठेवून मला तोंडीच नवा हुकूम दिला. लाकूड सरकारी राईतून तोडावं, आणि घर ‘बाय यू, बाय संडे’ उभं राहावं.

आता हे विचारायला नको होतं, पण माझी जीभ घसरली. "साहेब, बाय यू म्हणजे माझ्या हातून, की माझ्या शेजारी?"

साहेबाचा घोडेवाला तोंड फिरवून खोकू लागला. साहेब हसला नाही, पण त्याच्या मिशीचं टोक हललं. "हातून," तो म्हणाला. "आणि रविवारच्या आत."

ती अमावास्या बुधवारी होती. पुढचे चार दिवस मी कोलशेतलाच राहिलो. मला घर बांधता येत नव्हतं. मी खांब धरायचा आणि इनासने ठोकायचा. कूड बांधायला रेजीनबायने शिकवलं. माझी गाठ तिला पसंत पडेना. मी बांधली की ती सोडायची, पुन्हा बांधायला लावायची. या वेळी दार तिने खाडीच्या वाऱ्याकडून फिरवून पूर्वेला करून घेतलं. इनास म्हणाला, लग्न झाल्यापासून ती दार फिरवा म्हणून मागे लागली होती. "सरकारचा हुकूम हाय," ती त्याला म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. माझ्या दशम्या गुरुवारी संपल्या. गावात आमच्या जातीचं एकही घर नव्हतं. आमच्याकडे मासळी चालते, पण ख्रिस्ती घरचं पाणीही त्या काळी चालत नसे. शुक्रवारी दुपारपर्यंत मी पेरूंवर काढली. मग धरलेला खांब भुकेने माझ्या हातून निसटला. रेजीनबायने ओट्यावर केळीचं पान मांडलं, तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली, आणि पाठ करून चुलीकडे बसली, म्हणजे मला लाज वाटू नये. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. शनिवारी चार.

रविवारी घर पुरं झालं. संध्याकाळच्या गाडीने मी कल्याणला घरी गेलो. घरात घट बसलेले, देवापुढे समई, आईचा नवरात्राचा उपास. तिने माझे फोड आलेले हात पाहिले, तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "इतके दिवस कुठं रे जेवलास, माझ्या राजा?"

"बांधावर," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. पण पुरता तर्जुमाही नव्हता.